तात्पुरती कातडी

डॉक्टर नाबरांनी टिपकागदावर पेन्सिलीने एक पाठ काढली आणि तिच्यात लहान लहान चौकोन भरायला सुरुवात केली, पोस्टाच्या तिकिटांएवढे.

"हे चौकोन शालूच्या स्वतःच्या कातडीचे," ते म्हणाले. "मांडीवरून घेऊ. ते धरतील आणि कडांनी वाढत जातील. पण सात वर्षांची मुलगी, त्यात महिनाभर ताप. तिच्याकडे द्यायला कातडी आहेच किती? मधली जागा दुसऱ्या कोणाच्या कातडीने झाकावी लागेल. उघडी राहिली तर अंगातलं पाणी झिरपून जातं, पू धरतो. अशीच मुलं हातची जातात."

दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या सकाळी शालूच्या परकराला पणतीची ज्योत लागली होती. ती घाबरून धावली, आणि धावल्यामुळे आग पाठीवर चढली. डोंबिवलीच्या डॉक्टरांनी जमेल तेवढे केले आणि मग तिला ठाण्याला, तलावाजवळच्या या लहानशा खासगी इस्पितळात पाठवले. डॉक्टर नाबर विलायतेत युद्धात भाजलेल्या वैमानिकांवर काम करून आले होते, एवढी त्यांची ख्याती कल्याणपर्यंत पोहोचली होती.

"माझी घ्या," त्र्यंबक म्हणाला. तो शालूचा बाप. अंबरनाथच्या एका कारखान्यात नकाशे काढण्याचे काम करत असे. त्याने बाही दुमडायलाही सुरुवात केली.

"नको!" मंदाकिनी एवढ्या मोठ्याने बोलली की दारातली नर्स थांबली. मग तिने आवाज खाली आणला. "माझी घ्या. यांना कामावर जावं लागतं."

"चालेल. आईची उत्तम," डॉक्टर म्हणाले. "परक्या माणसाची पंधरवड्यात गळते. जवळच्या नात्यातली जास्त तग धरते."

कोपऱ्यातल्या स्टुलावर माई, म्हणजे मंदाकिनीच्या सासूबाई, जप करत होत्या. त्यांनी माळ थांबवली. "तग कसली धरते? धरणारच! नऊ महिने जिच्या कातडीत वाढली तिचीच ना ती? काल परवा वेगळी झाली पोर. ओळख विसरेल होय?"

डॉक्टर हसले. त्र्यंबकही किंचित हसला, महिन्याभरात पहिल्यांदा. मंदाकिनी टिपकागदावरच्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली.

शालू तिच्या पोटची नव्हती. हे जगात दोनच माणसांना ठाऊक होते.

*

एकोणीसशे अठ्ठेचाळीस साली, उन्हाळ्यात, मंदाकिनी बाळंतपणाला कल्याणला मावशीकडे आली होती. आधीची दोन तिसऱ्या-चौथ्या महिन्यात गेलेली. त्र्यंबक नागपूरला नोकरीत होता, माई त्याच्याबरोबर. कल्याणच्या पलीकडे लष्कराच्या रिकाम्या बराकींमध्ये निर्वासितांची छावणी भरत होती. रोज गाडीने नवी माणसे उतरत. सूतिकागृहातल्या दोन खाटांपैकी दुसरीवर छावणीतली एक बाई होती. बाळंत झाली होती आणि रक्त थांबत नव्हते.

मंदाकिनीला कळा असह्य झाल्या तेव्हा क्लोरोफॉर्म दिला होता. शुद्धीवर आली तेव्हा खिडकीत सकाळ होती आणि शेजारच्या खाटेवरची बाई कुशीवर वळून तिच्याकडे पाहत होती. डोळे मोठे, ओठ पांढरे.  नुसती पाहत होती, जणू मंदाकिनीच्या चेहऱ्यावर काहीतरी लिहिलेले आहे आणि ते तिला पूर्ण वाचायचे आहे.

मग रखमाबाई आल्या. सुईणपणात त्यांचे केस पिकले होते. त्यांनी मंदाकिनीच्या शेजारी एक गुंडाळी ठेवली आणि कानाशी वाकल्या.

"बाय, तुजं न्हाई ऱ्हायलं. ह्ये तिचं हाये. ती काय दुपारपतूर ऱ्हायची न्हाई. तिचं कोनी न्हाई. घेतेस का? घेतलंस तर जगंल."

मंदाकिनीने विचार केला नाही. मूल तोंड उघडत होते, तिने त्याला पदराखाली घेतले. दूध होते. शेजारची बाई पाहत होती. दुपारी तिच्यावर चादर ओढली गेली.

त्र्यंबकला सांगायचे तिने ठरवले होते. तो नागपूरहून आला, त्याने मुलीला उचलले, तिचे कान पाहिले आणि म्हणाला, "कान आमच्या अण्णांचे." माईंनी लगेच दुजोरा दिला. त्यानंतर सांगण्याची वेळ कधी आली नाही. कधी बारसे होते, कधी गोवर, कधी शाळेचा पहिला दिवस.

*

लांब वस्तऱ्यासारख्या सुऱ्याने डॉक्टरांनी मंदाकिनीच्या मांडीवरून कातडीच्या पट्ट्या काढल्या. त्या इतक्या पातळ होत्या की खालचे अक्षर वाचता आले असते. शालूच्या पाठीवर तिच्या स्वतःच्या कातडीचे चौकोन आणि त्यांच्यामध्ये मंदाकिनीच्या पट्ट्या अशी मांडणी झाली. वर मेणाची जाळी, कापूस, बँडेज.

मंदाकिनीची मांडी शालूच्या पाठीपेक्षा जास्त दुखत होती. दुसऱ्या दिवशी ती लंगडत शालूच्या खाटेशी आली. मुलगी पालथी झोपली होती, गाल उशीत दबलेला.

"आई, आता मी तुझी झाले का?"

"म्हणजे?"

"माई म्हणाली, पाठीवर आई बसवली आहे. मग शाळेत धपाटा मारला तर तुला लागेल?"

"लागेल."

"मग कुलकर्णीबाईंना सांग."

आठवड्याने बँडेज उघडले तेव्हा सगळे गुलाबी होते. चौकोन कुठला आणि पट्टी कुठली हे सांगता येईना. डॉक्टरांनी काचेच्या सळईने एके ठिकाणी दाबले. जागा पांढरी पडली आणि लगेच पुन्हा लाल झाली. "रक्त पोहोचलं," ते म्हणाले. "तुमच्या कातडीत आता तिचं रक्त फिरतंय."

माईंनी तिथेच हात जोडले. ताप उतरला. शालूने खिमट मागितले, मग चुरमुरे. त्र्यंबक कामावरून सुटला की थेट ठाण्याला यायचा आणि मुलीच्या डोक्याशी बसून तिला पुलांच्या गोष्टी सांगायचा: कुठला पूल कोणत्या कमानीवर उभा, कुठला कशाने पडला. सगळ्यांना हलके वाटत होते.

मंदाकिनीला मात्र त्याच दिवसापासून भीती वाटू लागली. आतापर्यंत तिची भीती मुलगी मरण्याची होती, आणि ती भीती घरातल्या सगळ्यांबरोबर वाटून घेता येत होती. ही नवी एकटीची होती. परक्याची पंधरवड्यात गळते. ती कॉलेजात एक वर्ष शास्त्र शिकली होती, लग्नामुळे सुटले. तरी एवढे तिला कळत होते की पेशींना खोटे बोलता येत नाही. शालूच्या शरीराने ती पट्टी पुरती पाहून झाल्यावर निवाडा करायचा होता. आणि निवाडा पाठीवर उमटणार होता, माईंच्या, त्र्यंबकच्या, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. म्हणूनच तिने त्र्यंबकची घेऊ दिली नव्हती. बापाची गळली असती तर लोकांनी शालूबद्दल नाही, मंदाकिनीबद्दल भलता विचार केला असता.

दुपारी इस्पितळात शांतता असे. नर्सा जेवायला जात, तलावाकडून वारा येई, पडदा फुगे आणि पडे. अशा एका दुपारी मंदाकिनीला खाटेच्या पलीकडच्या बाजूला कोणीतरी आहे असे वाटले. तिने पाहिले, कोणी नव्हते. पण नजर खाली शालूच्या पाठीवर वळवली की पुन्हा वाटे. ती कोण आहे हे मंदाकिनीला विचारावे लागले नाही. पांढऱ्या ओठांची बाई वाकून पट्टीची कड नखाने उचलून पाहत होती, जसे पाकिटावरचे ओले तिकीट फाटू न देता काढतात, तसे. तिला राग नव्हता. तिला घाई नव्हती. आपल्या मुलीवर काय चिकटवले आहे एवढेच तिला पाहायचे होते.

मंदाकिनीने भास म्हणून तो बाजूला सारला. झोप कमी, अशक्तपणा, मांडीच्या जखमेतून जाणारे पाणी. कारणे सगळी बरोबर होती. तरी दुसऱ्या दुपारी ती शालूच्या पाठीवर आडवा हात धरून बसली, माशी हाकलणाऱ्या बाईसारखी.

तिसऱ्या आठवड्यात पट्ट्या सुजल्या. मग निळसर झाल्या. कडा वर वळल्या. शालूच्या स्वतःच्या कातडीचे चौकोन जागच्या जागी गुलाबी आणि घट्ट, आणि त्यांच्यामधून मंदाकिनी तेवढी सुटून येत होती. नर्सने चिमट्याने एक लांब तुकडा उचलला. तो प्रतिकार न करता आला. तिने तो वाटीत टाकला.

"हे अपेक्षित होतं," डॉक्टर म्हणाले.

ते तिच्याकडे न पाहता बोलले, आणि मंदाकिनीला वाटले, याला कळले आहे. सभ्य माणूस आहे, बोलत नाही एवढेच.

माई वाटीकडे पाहत होत्या. "त्याचं काय करता हो?"

"जाळतात, आजी."

"जिवंत माणसाचं जाळायचं? ती उभी आहे इथे धडधडीत!" त्यांनी सुनेकडे पाहिले. बराच वेळ पाहिले. मग जप करायला घेतला, पण मणी पुढे सरकत नव्हते. "आईची कशी गळली?" त्या कोणालाही उद्देशून नसल्यासारख्या म्हणाल्या. "आईची कशी गळली, मला कळत नाही."

उघड्या जागा पुन्हा ओल्या झाल्या. ताप आला. डॉक्टरांनी त्र्यंबकला बाजूला घेतले: मुलीच्या मांडीवरून पुन्हा घ्यायला अजून काही दिवस हवेत, तोवर आणखी एकदा झाकावे लागेल.

"मग आता माझी," त्र्यंबक म्हणाला. "उद्याच घ्या. आईची घेत नसेल तिचं अंग, तर बापाची घेईल. काही पोरं असतात बापाच्या वळणाची. काय माई?"

"कान तर अण्णांचेच आहेत," माई म्हणाल्या. पण त्यांचा आवाज पूर्वीसारखा नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मंदाकिनी त्र्यंबकला तलावाच्या कठड्याशी घेऊन गेली. पायऱ्यांवर एक बाई गोधडी आपटत होती. मंदाकिनीने सगळे सांगितले, क्लोरोफॉर्मपासून चादरीपर्यंत. तिने काही लपवले नाही आणि कशाचे समर्थन केले नाही. शेवटी म्हणाली, "तुमची कातडीही गळेल. आणि मग तुमच्या मनात जे येईल ते खरं नसेल. म्हणून सांगितलं. एरवी सांगितलं असतं की नाही, मला ठाऊक नाही."

त्र्यंबक ऐकत होता तेव्हा त्याचा हात कठड्याच्या दगडातली फट चाचपत होता. फट संपली तिथे हात थांबला.

"आपलं काय होतं? मुलगा की मुलगी?"

"मी विचारलं नाही."

"विचारलं नाहीस."

"नाही."

"कुठे ठेवलं?"

"माहीत नाही. रखमाबाईंनी नेलं."

"लहान मूल जाळत नाहीत," तो म्हणाला. "पुरतात. म्हणजे जागा असेल." मग घड्याळ पाहून उठला. "डॉक्टरांनी नऊला बोलावलंय."

"तुम्ही देणार?"

"शालूला ताप आहे," त्र्यंबक म्हणाला. दुसऱ्या कुठल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे तसे.

त्याला टेबलावर घेतले तेव्हा मंदाकिनी बाहेर उभी होती. डॉक्टर हात धुऊन येत होते. तिने त्यांना अडवले. आता विचारायला काही धोका उरला नव्हता.

"डॉक्टर, खऱ्या आईची राहिली असती का?"

"खऱ्या म्हणजे?"

"मी तिची जन्मदाती नाही."

डॉक्टरांनी हात टॉवेलात धरलेले होते ते तसेच राहिले. "बाई, कोणाचीही राहत नाही. आईची नाही, बापाची नाही, सख्ख्या भावाची नाही. एका बीजापासून झालेल्या जुळ्यांची तेवढी राहते. मी विलायतेत आयांची लावलेली पाहिली, सगळ्या गळाल्या. फार तर दोन-चार दिवसांचा फरक."

"मग तुम्ही म्हणालात जवळच्या नात्यातली..."

"म्हणालो. द्यायला कोणी तयार होत नाही हो. आई म्हटलं की घरातलं कोणी आडवं येत नाही." ते ओशाळले. "आम्हाला पंधरा दिवसांचं पांघरूण हवं असतं. ते मिळालं. ती जगली ती त्याच्यावर."

मंदाकिनी बाकावर बसली. तिने सात वर्षे जपलेली गोष्ट तासाभरापूर्वी तलावाकाठी टाकून दिली होती, आणि टाकण्याची गरज नव्हती. माईंना कळले नव्हते. कोणालाच कळले नसते. शालूच्या शरीराने काही सांगितलेच नव्हते. त्याने फक्त सगळ्यांना नाकारले होते, सारखेच. तिला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. पण पडद्यामागे, दुपार नसतानाही, कोणीतरी कड उचलून पाहत होते, आणि आता ती बाई एकटी नव्हती. तिच्या कडेवर काहीतरी होते, गुंडाळलेले. मुलगा की मुलगी ते दिसत नव्हते.

*

पायाची जखम जरा सुकल्यावर त्र्यंबक एका रविवारी खडवलीला निघाला. रखमाबाई तिथे मुलाकडे राहत असल्याचे मावशीकडून कळले होते. मंदाकिनीही गेली. दोघेही लंगडत होते, एक डाव्या पायाने, एक उजव्या. स्टेशनाबाहेर एका पोऱ्याने त्यांची नक्कल केली आणि त्र्यंबकला हसू आले.

रखमाबाई ओसरीवर वाल सोलत होत्या. मंदाकिनीला ओळखून त्यांनी आधी तिच्या मागे पाहिले, मूल बरोबर आहे का ते.

"जगली का?"

"जगली. शालू नाव. आमचं मूल कुठे आहे, ते विचारायला आलो," त्र्यंबक म्हणाला.

रखमाबाई वाल सोलत राहिल्या. शेंगा संपल्यावर बोलल्या.

"पोरगा व्हता. त्या बायच्या बापाला दिला."

"कोणाच्या बापाला?" मंदाकिनीने विचारले. "तुम्ही म्हणालात तिचं कोणी नाही."

"बाप व्हता. म्हातारा. बाहेर उंबराखाली बसलेला, दोन दिस. त्येच्याजवळ पोर दिली असती तर आठ दिसांत मेली असती. छावनीत तवा रोज मरत व्हती. दूध कुठलं? तुज्याजवळ दूध व्हतं." त्यांनी मान वर केली. "मी त्येला सांगितलं, दोन्ही गेली. त्येनं पोराला घेतलं हातात. रडला न्हाई. नाव ठेवलं. म्हनला, नाव न ठेवता कसं पुरू? वालधुनी नदीच्या काठाला पुरलं त्येनं, एकट्यानं. मी पाह्यलं लांबनं."

"काय नाव?"

"त्यांचं बोलनं मला कुठलं कळतंय, बाबा? तोलाराम म्हातारा. जिता असला तर छावनीतच असंल. कुठं जाईल?"

परतीच्या गाडीत दोघे समोरासमोर बसले. आंबिवली गेले. त्र्यंबक म्हणाला, "मी कल्याणला उतरतो."

"उतरून काय कराल?"

"बघतो आहे का तो."

"आणि असला तर? त्याने तिला मागितलं तर?"

"मंदा, माझ्या मुलाला त्याने पुरलंय," त्र्यंबक म्हणाला. "मी नव्हतो. तू बेशुद्ध होतीस. त्याने केलं ते. नाव त्याच्याजवळ आहे." तो उठून दाराशी गेला. "शालूचं मी बोलणार नाही. ते सांगणं माझं नाही."

तो कल्याणला उतरला. मंदाकिनी तशीच ठाण्याला गेली. दुपारी बँडेज उघडायचे होते.

त्र्यंबकची कातडीही निळी पडू लागली होती. नर्सने कड उचलली, ती उचलली गेली. मंदाकिनी जवळून पाहत होती. चौकोन वाढले होते. कितीतरी ठिकाणी एकमेकांना भिडले होते आणि भिडले तिथे बारीक वर उचललेली रेघ होती, शिवणीसारखी. उजव्या खांद्याखाली तळहाताएवढी जागा अजून उघडी होती.

"आणखी आठ-दहा दिवसांत तिचीच घेता येईल," डॉक्टर म्हणाले. "तोवर यावर काही घालता आलं तर बरं. नाही मिळालं तरी निभावेल, थोडा ताप काढावा लागेल. तुम्हा दोघांची आता पुरे झाली."

"बाबा कुठे आहेत?" शालूने उशीतून विचारले. "टेकडीवरचा पूल अर्धाच सांगितला. पडतो की नाही?"

"येतील."

संध्याकाळ व्हायच्या आत तो आला. दारातूनच त्याने मंदाकिनीला खुणेने बाहेर बोलावले. चेहरा उन्हाने आणि कशाने तरी उतरला होता.

"भेटला. बराकीच्या दाराशी पापड लाटायला बसतो, बायकांच्यात. चेष्टा करतात त्याची. हशू नाव ठेवलं होतं, त्याच्या भावाचं." तो थांबला. "मी म्हटलं, माझंही मूल त्याच साली त्याच इस्पितळात गेलं, तुम्ही तिथे होतात असं कळलं. तुम्ही मूल पुरलंत ती जागा दाखवा, माझंही तिथेच कुठेतरी असेल. तो लगेच उठला. काठ पुष्कळ खचलाय. तरी त्याला बरोबर ठाऊक आहे. एक दगड आहे. तिथे तो मला म्हणाला, रो ले, भाई. आणि स्वतः पाठ करून उभा राहिला."

मंदाकिनीने दार मागे ओढून घेतले.

"मग मी का लंगडतोय, विचारलं त्याने. मुलगी भाजलीय, तिला कातडी दिली, म्हटलं. एवढंच बोललो, शपथ. तो म्हणाला, मीही देतो." त्र्यंबकने हात पसरले. "मी नको म्हटलं. दहा वेळा म्हटलं. ऐकतोय कुठे! माझ्याबरोबर गाडीत चढला. म्हणाला, पाकिस्तानातून एवढीच तर आणलीय."

व्हरांड्याच्या टोकाला, बाकावर, एक उंच वाळका म्हातारा बसला होता. त्याने पायजम्याचा एक पाय गुडघ्याच्या वर दुमडून ठेवला होता आणि स्वतःच्या मांडीची कातडी चिमटीत धरून तपासत होता, किती आहे, चालेल का. त्याचे डोळे मोठे होते. मंदाकिनीने ते डोळे ओळखले.

डॉक्टर मागून आले. "हे तुमचे नातेवाईक? म्हातारी कातडी पातळ असते, पण चालेल. त्यांना आत पाठवा, तपासून घेतो. त्यांना काही सांगायचं असलं तर सांगून ठेवा, दुखेल म्हणावं."

ते गेले. त्र्यंबक मंदाकिनीकडे पाहत उभा होता. तो काही सुचवत नव्हता. तिला कळले की आता काहीच तिला भाग पाडत नव्हते. म्हातारा आत जाईल, कातडी देईल, गुळाचा खडा तोंडात टाकून गाडीने परत जाईल. त्याची कातडी शालूच्या खांद्यावर पंधरवडा राहील आणि सगळ्यांसारखी गळेल. किंवा दोन-चार दिवस जास्त राहील, आणि ते दोन-चार दिवस फक्त मंदाकिनी मोजेल, पलीकडच्या बाजूला उभ्या असलेल्या बाईबरोबर. कोणाला काही कळणार नाही. मुलगी तिचीच राहील.

आतून शालू कोणाला तरी दटावत होती, "हळू! तिथे माझी स्वतःची आहे!"

"तुम्ही शालूपाशी बसा," मंदाकिनी त्र्यंबकला म्हणाली. "तिला पुलाचं सांगा."

ती व्हरांड्यातून चालत गेली. म्हाताऱ्याने तिला येताना पाहून बाकावर जागा केली आणि मांडीवर बोटाने एक रेघ ओढून दाखवली. "यहाँ से? कितना काटेगा?"

मंदाकिनी त्याच्या शेजारी बसली. तिने त्याच्या पायजम्याचा दुमडलेला पाय हळूच सोडवून खाली ओढला आणि घोट्यापर्यंत नीट केला. म्हातारा गोंधळून तिच्याकडे पाहू लागला.

"बाबा, काटने के पहले सुनो," ती म्हणाली. तिचे हिंदी मोडके होते, ती एकेक शब्द शोधून ठेवत होती. "आपकी बेटी मेरे बाजू की खाट पर थी।"